‘द कॉन्सर्ट फॉर बांगला देश’: तीन रेकॉर्डची पेटी, तिच्यातलं संगीत आणि तिचे पैसे

रविवार, १ ऑगस्ट १९७१. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक दुपारी आणि एक रात्री असे दोन कार्यक्रम झाले आणि दोन्ही मिळून सुमारे ४० हजार लोकांनी ते ऐकले. पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी पैसे उभे करायचे होते. कल्पना पंडित रविशंकरांची, जमवाजमव बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची. त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण तीन एलपींच्या पेटीतून बाजारात आलं. पुढे त्याची सीडी निघाली, डीव्हीडी निघाली, आता ते इंटरनेटवरही ऐकायला मिळतं. हे परीक्षण त्या पेटीचं आणि तिच्या नंतरच्या आवृत्त्यांचं आहे. पैशांचा हिशोबही त्यात घेतला आहे, कारण मदतीसाठी काढलेल्या रेकॉर्डचं मोल करताना वाद्यं कशी वाजली एवढंच बघून चालत नाही.

निकाल आधीच सांगतो. संगीत म्हणून ही पेटी संग्रही ठेवण्याजोगी आहे आणि पहिली बाजू तर हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या प्रत्येकाने ऐकायलाच हवी. ध्वनिमुद्रणात उणिवा आहेत, पण त्या काळाचा विचार करता समजून घेण्यासारख्या. पैशांची व्यवस्था मात्र कच्ची राहिली आणि तिची किंमत उपाशी माणसांनी मोजली.

पार्श्वभूमी थोडक्यात. १२ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळाने पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या, किनाऱ्यावर लाखो माणसं मारली. मार्च १९७१ मध्ये लष्करी कारवाई सुरू झाली आणि सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालयात आली. छावण्यांमध्ये अन्न अपुरं, त्यात पावसाळा आणि कॉलरा. हा भार उचलायला भारत सरकारने नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचं जादा ‘निर्वासित साहाय्य’ तिकीट सक्तीचं केलं. आपल्याकडे ज्यांच्या घरी जुनी पत्रं जपून ठेवलेली आहेत, त्यांना ते लिफाफ्यावर आजही दिसेल. रविशंकरांच्या घराण्याचं मूळ जेसोर भागातलं. त्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ ब्राह्मणबाडियाजवळच्या शिबपूरचे, आणि गुरुपुत्र अली अकबर खाँ तिथेच जन्मलेले. त्यामुळे मंचावर जे दोघे सतार-सरोद घेऊन बसले, त्यांच्यासाठी हा परक्या मुलखाचा प्रश्न नव्हता. रविशंकरांना सुरुवातीला वाटत होतं की एखादा कार्यक्रम करून २५ हजार डॉलर जमले तरी पुष्कळ. हॅरिसनने त्याचा आवाका कितीतरी वाढवला आणि पाच-सहा आठवड्यांत माणसं गोळा केली.

पहिली बाजू

सुमारे २२ मिनिटांच्या या बाजूवर सुरुवातीची पाचेक मिनिटं बोलणं आणि वाद्यं जुळवणं, आणि मग साडेसोळा मिनिटांची ‘बांगला धुन’. सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखा, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. हॅरिसन श्रोत्यांना सांगतो की हे संगीत जरा शांतपणे ऐकायचं आहे. रविशंकर वाद्यं वाजत असताना धूम्रपान करू नका अशी विनंती करतात. मग वाद्यं जुळवली जातात, आणि ती थांबल्यावर सभागृह टाळ्यांनी दणाणतं. रविशंकर अगदी प्रसन्नपणे म्हणतात की जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे.

हा प्रसंग जगभर विनोद म्हणून सांगितला जातो. त्याच्यामागचं काम लक्षात घेतलं तर तो वेगळा ऐकू येतो. रविशंकरांच्या धाटणीच्या खरज-पंचमाच्या सतारीला सात मुख्य तारा आणि खाली तेरा तरफा, म्हणजे वरच्या तारा वाजल्या की आपोआप गुंजणाऱ्या तारा. मैहर घराण्याच्या सरोदला तरफा आणि चिकारी धरून पंचवीस तारा. सरोदच्या पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं आणि घोडी त्या कातड्यावर उभी असते. मंचावरच्या प्रखर दिव्यांनी कातडं तापलं की त्याचा ताण बदलतो, घोडी केसभर वरखाली होते आणि सगळ्या तारा एकदम सरकतात. तबल्याच्या पुडीचंही तसंच. त्यात जुगलबंदीत दोन तंतुवाद्यं एकमेकांशी आणि दोन्ही तानपुऱ्याशी तंतोतंत मिळावी लागतात, नाहीतर तरफा गुंजत नाहीत आणि सतार कोरडी वाटते. वातानुकूलित खोलीतून दिव्यांखाली आल्यावर जुळवणी पुन्हा करावीच लागते. रेकॉर्डवर हा भाग कापून टाकला नाही हे फार चांगलं झालं. पुढची सोळा मिनिटं तरफांचा जो झंकार ऐकू येतो तो तिथून आलेला आहे.

धुन म्हणजे रागाच्या कडक शिस्तीतून मोकळीक. इथे आधार बंगालच्या लोकधुनांचा आहे. थोडीशी आलापी, मग संथ लयीत दादरा, आणि शेवटी द्रुत तीनताल. ऐकताना दोन वाद्यांचे स्वभाव वेगळे काढायचे असतील तर मींडेकडे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकण्याकडे, लक्ष द्यावं. सतारीला पडदे असतात आणि तार आडवी ओढून स्वर वर नेला जातो. सरोदला पडदेच नाहीत, पोलादी पट्टीवर नखाने घसरत स्वर जातो, म्हणून त्याची मींड सलग आणि जड येते. सतारीचा जवारीदार नाद झिणझिणतो, सरोदचा आघात खणखणीत असतो आणि लवकर विरतो. द्रुतमध्ये सवाल-जवाब सुरू झाले की वाक्यं आखूड होत जातात आणि अल्लारखांचा तबला दोघांच्या मधोमध उभा राहतो. माहीमला राहणाऱ्या या पंजाब घराण्याच्या तबलजींनी मुंबईत दोन पिढ्या घडवल्या. त्यांचं साथीचं तंत्र समजून घ्यायचं असेल तर इथे लयकारीपेक्षा त्यांचा संयम ऐकावा. दोन मोठे वादक बोलत असताना ते ठेका साधा ठेवतात आणि समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच तेवढा बोल भरतात.

तक्रार एकच. बैठकीत हेच दोघे दीड-दोन तास वाजवत. सोळा मिनिटांत आलाप फुलायला जागा नाही. रॉक ऐकायला आलेल्या श्रोत्यांपुढे त्याहून लांब वाजवणं व्यवहार्य नव्हतं, हेही खरंच. ज्यांना आणखी हवं असेल त्यांनी त्याच ऑगस्टमध्ये बीटल्सच्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीने काढलेली रविशंकरांची ‘जय बांगला’ ही छोटी रेकॉर्ड शोधावी. तिच्या दुसऱ्या बाजूवर याच तिघांचा मिश्र झिंझोटी राग आहे.

बाकीच्या पाच बाजू

धुनेनंतर सभागृहात डच दूरचित्रवाणीने टिपलेली छावण्यांची दृश्यं दाखवली गेली आणि मग हॅरिसनचा मोठा ताफा मंचावर आला. रिंगो स्टार आणि जिम केल्टनर असे दोन ड्रमवाले, क्लाउस फोरमनचा बास, एरिक क्लॅप्टन आणि जेसी एड डेव्हिसची गिटार, बिली प्रेस्टनचा ऑर्गन, लिऑन रसेलचा पियानो, जिम हॉर्नच्या हाताखाली फुंकवाद्यांचा ताफा, गायकांचा कोरस आणि कडेला बॅडफिंगर या ब्रिटिश रॉक बँडचे तिघे अकूस्टिक गिटार घेऊन. एवढ्या लोकांची तालीम जेमतेम आठवडाभर, तीही सगळे एकत्र आले असे तास मोजकेच. त्या मानाने वादन आश्चर्य वाटावं इतकं बांधलेलं आहे. दोन ड्रमवाले एकमेकांच्या पायात येत नाहीत, कारण केल्टनर बहुतेक वेळा रिंगोच्या ठेक्यावर पाऊल ठेवूनच चालतो.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं दुपार आणि रात्र अशा दोन्ही कार्यक्रमांमधून जोडून केलेलं आहे, कारण कोणतंही एक मुद्रण पूर्ण नीट आलं नव्हतं. इयरफोन लावून ऐकलं तर आवाजाचा पोत मध्येच बदललेला जाणवतो. बिली प्रेस्टनचं गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, धाटणीचं गाणं या बाजूवरचं सर्वांत जिवंत. रिंगो आपल्या गाण्याचे शब्द मध्येच विसरतो आणि ते तसंच ठेवलं आहे. क्लॅप्टन त्या दिवसांत हेरॉइनच्या विळख्यात होता, तालमींना येऊ शकला नव्हता आणि डेव्हिसला त्याच्यासाठी पर्याय म्हणूनच घेतलं होतं. तिसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात त्याचा आवाज नेहमीसारखा दीर्घ का वाटत नाही, याचं कारण हातातल्या वाद्यातही आहे. तो पोकळ अंगाची गिब्सन बर्डलँड वाजवतोय. पोकळ गिटारचा स्वर गोल असतो पण टिकत नाही, आणि मोठ्या आवाजात घोंघावण्याची भीती असते. त्या गाण्याला लागणारे लांब ओढलेले स्वर भरीव लाकडाच्या गिटारवर सहज येतात. त्यानेही पुढे ही निवड चुकीची होती हे मान्य केलं.

चौथ्या बाजूवर लिऑन रसेलची लांबलचक जोडगाणी आहेत. ती आमच्या मते पेटीतला सर्वांत सैल भाग. पण लगेच पुढे हॅरिसन आणि बॅडफिंगरचा पीट हॅम असे दोघंच अकूस्टिक गिटार वाजवतात आणि मागे कोरस, बस्स. एवढ्या गोंगाटानंतर ही शांतता कानाला फार बरी वाटते.

पाचवी बाजू बॉब डिलनची. १९६६ च्या मोटारसायकल अपघातानंतर तो अमेरिकेत मोठ्या मंचावर क्वचितच दिसला होता. तो येईल की नाही हे शेवटपर्यंत नक्की नव्हतं. हॅरिसनच्या गिटारला चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. साथ अगदी मोजकी आहे: हॅरिसनची गिटार, रसेलचा बास, रिंगोची डफली. पाच गाणी, आणि पाचही ताकदीची. इंग्रजी गाण्यांशी फार ओळख नसलेल्याने रॉकच्या बाजूंपैकी एकच ऐकायची ठरवली तर ही ऐकावी, कारण इथे शब्द स्वच्छ ऐकू येतात. सहावी बाजू आखूड आहे आणि तिचा शेवट ज्या गाण्याने होतो ते हॅरिसनने याच कारणासाठी लिहिलं. त्याची स्टुडिओत केलेली रेकॉर्ड कार्यक्रमाच्या आधी काही दिवस निघाली होती. मंचावरची आवृत्ती त्याहून जास्त पेटलेली आहे.

आवाजाचा दर्जा

ध्वनिमुद्रण गॅरी केलग्रेनने रेकॉर्ड प्लांट स्टुडिओच्या फिरत्या गाडीतून सोळा ट्रॅकवर केलं आणि मिश्रण हॅरिसन व निर्माता फिल स्पेक्टरने. वीसहून जास्त माणसं आणि सोळा ट्रॅक म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र जागा नाही. कोरस, फुंकवाद्यं, ड्रम हे गटागटाने एकत्र घ्यावे लागले आणि एकदा एकत्र घेतलं की नंतर वेगळं करता येत नाही. अकूस्टिक गिटारना तेव्हा समोर मायक्रोफोन ठेवूनच घेत. शेजारी दोन ड्रम वाजत असताना त्या मायक्रोफोनमध्ये गिटारपेक्षा ड्रमच जास्त शिरतात. म्हणून बॅडफिंगरचे तिघे पूर्ण ताफ्याच्या गाण्यांत शोधावे लागतात. स्पेक्टरच्या आवडीचा भरपूर घुमारा त्यावर चढवला आहे. रॉकला तो शोभतो, ‘बांगला धुन’ला त्याची गरज नव्हती, पण तिथे तो सुदैवाने कमी आहे.

२००५ च्या नव्या आवृत्तीत बास आणि ड्रम जास्त स्वच्छ आहेत, खालचा सूर भरीव लागतो आणि डिलनचं दुपारच्या कार्यक्रमातलं एक गाणं जादा दिलं आहे. जुन्या एलपीवर वरचे स्वर मऊ येतात. सरोदसाठी आम्हाला एलपी बरी वाटते, ताफ्याच्या गाण्यांसाठी २००५ ची सीडी.

चित्रपट

सॉल स्विमर दिग्दर्शित हा चित्रपट मार्च १९७२ मध्ये आला. लांबी ९९ मिनिटं. कॅमेरे थोडे, जागा अडचणीच्या आणि प्रकाश मंचापुरता. त्यामुळे चित्र दाणेदार आहे आणि दृश्यं पुनःपुन्हा त्याच दोन-तीन कोनांतून येतात. तरीही तो बघावा, मुख्यतः बोटांसाठी. रविशंकरांचा डावा हात तार किती ओढतो, अली अकबर खाँ नखाचा कोपरा कसा वापरतात, हे एलपीवरून कळत नाही. बिली प्रेस्टन ऑर्गन सोडून मंचभर नाचत धावतो तोही क्षण फक्त इथे. डिलनच्या पाच गाण्यांपैकी एक चित्रपटात नाही. २००५ च्या दोन डिस्कच्या डीव्हीडीत कार्यक्रमाआधीच्या आवाज-चाचणीच्या वेळचं हॅरिसन, क्लॅप्टन आणि रसेलचं एक गाणं, हॅरिसन आणि डिलनची तालीम आणि कार्यक्रम कसा उभा राहिला यावरचा माहितीपट आहे. माहितीपट काम कसं चाललं होतं याबद्दल मोकळा आहे, पैशांच्या बाबतीत जरा हात राखून.

जुनी पेटी विकत घेताना

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर, पुण्यात जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन ही पेटी अधूनमधून दिसते. नारिंगी खोका, वर रिकाम्या ताटलीपुढे बसलेल्या उपाशी मुलाचं छायाचित्र. आत तीन एलपी आणि ६४ पानांची छायाचित्रांची पुस्तिका असायलाच हवी. पुस्तिका नसेल तर भाव खूप कमी व्हायला हवा. तिन्ही रेकॉर्ड एकाच देशाच्या छपाईच्या आहेत ना, हे मधल्या लेबलवरून ताडून पाहावं. दोन खराब पेट्यांमधून एक बरी पेटी जुळवून विकणं हा जुना प्रकार आहे.

सर्वांत आधी पहिली बाजू तपासावी. रॉकच्या बाजूंवर आवाजाचा दाब इतका असतो की बारीक ओरखडे बुडून जातात. आलापीत मात्र तानपुऱ्याखाली प्रत्येक खरखर उघडी पडते. दुकानात वाजवून बघता येत नसेल तर रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरावी. केसासारखे वरवरचे ओरखडे चालतात, नखाला लागणारा ओरखडा म्हणजे टकटक येणारच. कडेकडून बघून ती वाकलेली नाही ना हेही पाहावं. पेट्या उभ्या ठेवण्याऐवजी एकावर एक रचल्या की खालच्या रेकॉर्ड हमखास वाकतात.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू बुरशी. खोक्याचा पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो, कागदी पाकिटातून ती रेकॉर्डवर उतरते आणि खोबणीत पांढरे ठिपके पडतात. शुद्ध केलेल्या पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून, मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने पुसून, साध्या शुद्ध पाण्याने पुन्हा पुसावं आणि सावलीत वाळवावं. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. मूळ कागदी पाकिटं वेगळी जपून रेकॉर्ड प्लॅस्टिकच्या अस्तराच्या नव्या पाकिटात ठेवाव्यात. चांगल्या प्लेअरवर सुईचा भार दीड ते दोन ग्रॅम पुरतो. जुन्या ऑटोचेंजर रेडिओग्रामवर ही पेटी वाजवू नये, तिथला जड हात दहा-वीस वाजवण्यांत तरफांचा झंकार खाऊन टाकतो.

पैशांचं काय झालं

दोन कार्यक्रमांच्या तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर ५० सेंट झाले आणि १२ ऑगस्ट १९७१ ला त्याचा धनादेश युनिसेफकडे गेला. हा भाग जलद आणि चोख. खरी रक्कम रेकॉर्ड आणि चित्रपटातून येणार होती, आणि अडचण तिथे झाली.

पहिली अडचण वितरणाची. कलाकार वेगवेगळ्या कंपन्यांना बांधलेले, प्रत्येकाची परवानगी हवी. डिलनच्या कंपनीने, सीबीएसने, कॅसेटचे हक्क मागितले आणि ते द्यावे लागले. अमेरिकेत ॲपलच्या रेकॉर्ड वितरित करणारी कॅपिटॉल कंपनी खर्च वसूल करू पाहत होती आणि हॅरिसनचं म्हणणं होतं की कंपन्यांनी यात काहीही ठेवू नये. कॅपिटॉलचे प्रमुख तेव्हा भास्कर मेनन होते. हॅरिसनने दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात जाऊन जाहीरपणे ठणकावलं, तेव्हा हा पेच सुटायला लागला. पण या सगळ्यात महिने गेले. अमेरिकेत पेटी दुकानात आली २० डिसेंबर १९७१ ला, म्हणजे ढाक्यातल्या शरणागतीनंतर चार दिवसांनी, आणि ब्रिटनमध्ये जानेवारीत. पावसाळ्यात जे पैसे छावण्यांना हवे होते ते हिवाळ्यात जमायला लागले.

दुसरी अडचण कराची. अमेरिकेत किंमत १२ डॉलर ९८ सेंट ठेवली होती. ब्रिटनमध्ये खरेदी कर माफ करावा म्हणून प्रयत्न झाला, सरकारने नकार दिला आणि पेटी साडेपाच पौंडांवर गेली. १९७३ मध्ये हॅरिसनला त्या कराच्या प्रकरणात ब्रिटिश खजिन्याला दहा लाख पौंडांचा धनादेश स्वतः लिहावा लागला.

तिसरी आणि सर्वांत महागात पडलेली चूक नोंदणीची. कार्यक्रमाआधी तो युनिसेफच्या मदतीसाठीचा कार्यक्रम म्हणून रीतसर नोंदवला गेला नव्हता. ही जबाबदारी हॅरिसनचे व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांच्याकडे होती. नोंदणी आधी नसल्याने अमेरिकेच्या कर खात्याने रेकॉर्ड आणि चित्रपटाचं उत्पन्न करपात्र धरलं, ॲपलचं लेखापरीक्षण सुरू झालं आणि रक्कम वर्षानुवर्षं गोठली. त्याआधी सुमारे २० लाख डॉलर पोहोचले होते. उरलेले ८८ लाख सुटले १९८१ मध्ये. १९८५ पर्यंत एकूण आकडा एक कोटी २० लाख डॉलरच्या आसपास गेला.

मधल्या काळात काय घडलं ते आठवावं. १९७४ च्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला मोठे पूर आले, तांदळाचे भाव कडाडले, क्यूबाला ताग विकल्याच्या कारणावरून अमेरिकेने धान्याची मदत अडवली आणि बांगलादेशात दुष्काळ पडला. सरकारी आकडा सुमारे २७ हजार मृत्यूंचा, इतर अंदाज १५ लाखांपर्यंत जातात. त्या महिन्यांत या पेटीचे लाखो डॉलर अमेरिकेत अडकून पडलेले होते. कुणी ते खाल्ले असं नव्हे. ते वेळेवर हलू शकले नाहीत, आणि भुकेला वेळेवर न पोहोचलेल्या पैशाचा काही उपयोग नसतो.

या अनुभवाचा फायदा पुढच्यांना झाला. १९८४ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफने बँड एड उभं केलं, तेव्हा हॅरिसनने त्याला हिशोबाची आणि कायद्याची बाजू आधी पक्की करण्याचा सल्ला दिला. गेल्डॉफने विश्वस्त निधी केला. विक्रीकराचा वाद तिथेही झाला, पण त्या वेळी लोकमताच्या रेट्याने ब्रिटिश सरकारने तेवढी रक्कम परत दिली. धान्य बंदरात उतरूनही आत न्यायला ट्रक मिळेनात, म्हणून त्या निधीतून स्वतःचे ट्रक घेतले गेले. पैसे जमवण्याइतकंच ते शेवटच्या गावापर्यंत नेण्याचं काम असतं हे तिथे दिसलं.

आपल्याकडे दुष्काळ किंवा पुरासाठी गाण्याचा कार्यक्रम करणाऱ्यांनी १९७१ मध्ये कुठे अडलं ते बघून घ्यावं. नोंदणीकृत न्यासाशी लेखी करार तिकीटविक्रीच्या आधी झाला पाहिजे. न्यास नसेल तर निधी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी लागते, गणेश मंडळांना ती पद्धत ठाऊक आहे. खातं या एका कामासाठी वेगळं असावं. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणारी ८० जी ची पावती मिळणार आहे की नाही हे जाहिरातीत खरं लिहावं. ध्वनिमुद्रण विकायचं असेल तर प्रत्येक कलाकाराची, त्याच्या कंपनीची आणि गीतकार-संगीतकाराची परवानगी कार्यक्रमाआधी कागदावर हवी. कलाकार उत्साहात असतो तेव्हाच सही होते, नंतर वकील बोलतात.

कोणती घ्यावी

नुसतं ऐकायचं असेल तर २००५ ची दोन सीडींची आवृत्ती पुरे. वाद्य शिकणाऱ्याने डीव्हीडी घ्यावी, तीही आधी ग्रंथालयात किंवा ओळखीत मिळते का बघावी. एलपीची जुनी पेटी संग्राहकांसाठी आणि पहिल्या बाजूच्या प्रेमात पडलेल्यांसाठी. नव्या आवृत्त्यांचा वाटा आता ‘जॉर्ज हॅरिसन फंड फॉर युनिसेफ’कडे जातो. जुन्या बाजारात घेतलेल्या पेटीचे पैसे दुकानदाराकडेच राहतात, तेव्हा जुनी पेटी घेतली आणि मुलांच्या मदतीचाही हेतू असेल तर तेवढी रक्कम त्या निधीला वेगळी पाठवावी.